माझा एकुलता एक कॉट अँड बोल्ड

आमच्या सोसायटीत सी विंगच्या खाली एक पार्किंग कायम रिकामं असतं. ते माझं आहे. पांढऱ्या पट्ट्यांच्या मधोमध माझा फ्लॅट नंबर रंगवलेला आहे आणि माझी गाडी मात्र बाहेर रस्त्यावर, कडुलिंबाखाली, कावळ्यांच्या ताब्यात. दोनदा टोइंगवाल्यांनी उचलून नेली. सेक्रेटरी म्हणतात, "काका, तुम्ही लावत नसाल तर दुसऱ्याला तरी लावू द्या. लोक जागेसाठी भांडतायत." मी म्हणतो, माझी जागा, माझी मर्जी. त्यावर ते शेजारच्या मेंबरकडे बघून हसतात. म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. असू दे. क्रीझवर गाडी लावायची नसते, हे मी त्यांना कुठल्या तोंडानं सांगू?

ही सोसायटी आमच्या कंपनीच्या ग्राउंडवर उभी आहे. कंपनी बंद पडली, जमीन विकली गेली, भोसरीत आणखी चार टॉवर वाढले. बुकिंगच्या वेळी मी बिल्डरच्या ऑफिसात नकाशा पसरून बसलो, तेव्हा तिथल्या मुलीला वाटलं काका वास्तुशास्त्र बघतायत. मी पाण्याची जुनी टाकी शोधत होतो. ती तेवढी पाडलेली नाही. आमच्या पिचचं एक टोक टाकीकडे आणि दुसरं कँटीनकडे होतं. टाकीकडून पावलं मोजत आलो की पिच कुठं होतं ते मी डोळे मिटून सांगू शकतो, कारण तिकडूनच मी वर्षानुवर्षं रन-अप घेतला. बायको म्हणाली, "अहो, पाणी चोवीस तास असतं का विचारा, वारा येतो का बघा." मी न विचारताच दोन्हीला हो म्हणालो आणि टाकीकडच्या बाजूचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. पार्किंग भांडून मागून घेतलं. कँटीनकडची क्रीझ बरोबर त्या पट्ट्यांच्या मध्ये येते.

शेजारची एक कंपनी अजून चालू आहे. तिचा साडेतीनचा भोंगा वाजला की मी गॅलरीत जातो आणि तो मला दिसतो. चोवीस वर्षांचा, सडपातळ, पँटच्या गुडघ्यावर हिरवा डाग. परवापरवापर्यंत बॅट काखेत मारायचा, हातमोजे काढायचा आणि चालू लागायचा. दोन मोटारींच्या मधून जायचा, बी विंगच्या भिंतीतून आत शिरायचा, कारण तिथं कँटीन होतं आणि कँटीनच्या पायऱ्या हाच आमचा पॅव्हेलियन. मागं वळून बघायचा नाही. भूत मेलेल्या माणसाचं असतं म्हणतात. हा तर जिवंत आहे, राजगुरुनगरला राहतो, त्याला शुगर आहे. तरी माझ्या अंगावर रोज काटा येतो.

मी क्रिकेटर होतो. अष्टपैलू. पेपरवाल्यांचा हा शब्द ऐकायला भारी वाटतो, पण त्याचा ड्रेसिंग रूममधला अर्थ असा की बॅट्समन लोक तुम्हाला बोलर समजतात आणि बोलर लोक बॅट्समन. दोघांचीही कामं तुमच्या गळ्यात पडतात. नव्या बॉलची चकाकी गेली की मला बोलवायचे, पाच विकेट पडल्या की मला पाठवायचे. राज्याच्या संघात मी बरीच वर्षं टिकलो तो याच्यामुळंच. मी कुठल्याच बाबतीत सर्वांत चांगला नव्हतो, आणि माझ्यावाचून कुणाचं चालतही नव्हतं.

गॅलरीतून दिसतो तो माझा जोडीदारही असाच अष्टपैलू होता. आम्ही दोघं कंपनीत टेम्पररी लागलो ते एकाच महिन्यात. मी सोलापूरकडचा, शाळामास्तराचा मुलगा. तो राजगुरुनगरजवळच्या एका वाडीतला. दिघीला एका खोलीत सहा कॉट होत्या, त्यातल्या दोन आमच्या. पहाटे सायकली काढायचो, फर्स्ट शिफ्टच्या आधी ग्राउंडवर जायचो, जाळी बांधायचो आणि एकमेकांना बोलिंग टाकायचो. आम्ही दोघंच, तिसरं कुणी नाही. अंपायर कुठला आणणार? म्हणून आम्ही एक नियम केला होता. कॅच गेला, तर घेतला की नाही हे बोलरनं सांगायचं. बॅट्समननं विचारायचं, "घेतलास?" बोलर हो म्हणाला की बॅट खाली. वाद घालायचा नाही. दोन वर्षांत आम्ही कधी वाद घातला नाही, आणि खोटंही बोललो नाही. एकदा तर बोटाच्या टोकावर घेतलेला इतका सुंदर कॅच त्यानं स्वतःहून सोडून दिला. म्हणाला, "न्हाई भावा, गवताला लागला वाटतं." मला तो पक्का आउट वाटला होता.

पर्मनंट हा शब्द आज कुणाला फारसा कळत नाही. आमच्या पट्ट्यात त्या वेळी माणसाची ओळखच त्या शब्दानं व्हायची. खोली भाड्यानं देताना मालक विचारायचा, पर्मनंट का? मुलगी दाखवताना मध्यस्थ विचारायचा, पर्मनंट का? माझं तर ठरल्यातच जमा होतं, फक्त मुलीच्या वडिलांनी सुपारी फोडायची थांबवली होती. "पर्मनंटचं पत्र आलं की कळवा," एवढंच ते म्हणाले होते. सज्जन माणूस, पण डोळ्याला डोळा देऊन बोलला आणि माझी झोप गेली.

खेळाडूंच्या कोट्यात त्या वर्षी कंपनीनं एकच जागा काढली. अष्टपैलू पाहिजे म्हणाले. आमच्यातल्या एकालाच मिळणार हे सगळ्या वर्कशॉपला ठाऊक होतं. कँटीनमध्ये दोन पार्ट्या पडल्या, चहाच्या पैजा लागल्या. आम्ही दोघं मात्र आदल्या दिवशीही एकत्रच सायकलवर आलो. तो म्हणाला, "कुनाला बी मिळू दे. दुसऱ्यानं पेढं वाटायचं." मी हो म्हणालो.

निवड सामन्यात आम्हाला समोरासमोर ठेवलं. माझी बॅटिंग आधी झाली आणि बेताचीच झाली. मग तो आला. चाळीसच्या पुढं गेला, आणि असा खेळला की पायऱ्यांवर बसलेले साहेब लोक चहा प्यायचं विसरले. मी टाकीकडून बोलिंगला होतो. ओव्हरचा तिसरा बॉल जरा पुढं पडला. त्यानं जोरात सरळ मारला. बॉल खालून, माझ्याच दिशेनं आला. मी पुढं झेप घेतली, पालथा पडलो आणि बॉल माझ्या दोन्ही हातांत होता.

तो हातांत यायच्या आधी मातीला लागला होता. बोटभर पुढं. मला दिसलं नाही, पण बोटांना कळलं. आधी खडा टोचला, मग बॉल आला.

गल्लीत एक टप्पा आउट असतं, कंपनीत नसतं. पण हे माझ्याशिवाय कुणाला कळलंच नव्हतं. अंपायर म्हणजे टाइम ऑफिसमधले एक क्लार्क, ते माझ्या मागं उभे होते आणि मध्ये माझी पाठ आली होती. माझ्या टोकाचा दुसरा बॅट्समन जीव घेऊन क्रीझकडे परत पळत होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. अंपायर काही बोलायच्या आत त्यानं समोरून विचारलं, रोज पहाटे विचारायचा त्याच आवाजात, "घेतलास?"

विचार करायला वेळच मिळाला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. साफ खोटं आहे ते. वेळ मिळाला होता. मी उठलो, गुडघे झाडले, बॉल शर्टाला पुसला. तेवढ्यात मला सासऱ्यांचा तो चेहरा दिसला, माझ्या वडिलांचं ‘पर्मनंट झालास का’ विचारणारं पत्र आठवलं. मग मी मान हलवली. हो म्हणालो नाही, नुसती मान हलवली, आणि जणू त्यानं पाप निम्मं होतं अशा हिशेबानं पुढची कित्येक वर्षं काढली.

त्यानं अंपायरकडे बघितलंसुद्धा नाही. बॅट काखेत मारली, हातमोजे काढले आणि कँटीनकडे चालू लागला. साडेतीनचा भोंगा झाला तो तेव्हाच.

पत्र मला आलं. पेढे त्यानं वाटले. शॉपभर, पाटी हातात धरून. दोन महिन्यांनी त्याचा टेम्पररीचा काळ संपला आणि त्याला ब्रेक दिला, म्हणजे काही दिवस घरी बसवलं; तो ब्रेक कायमचाच ठरला. पुढं चाकणला कंपन्या आल्या तेव्हा तो एका कंपनीची स्टाफबस चालवायला लागला. पंचवीस वर्षं त्यानं पर्मनंट लोकांना गेटपर्यंत सोडलं आणि गेटवरून घरी नेलं.

मला त्या एका पत्रानं काय दिलं नाही? लग्न झालं. सामन्यांसाठी भरपगारी रजा मिळाली, शिबिरांना जाता आलं, त्यामुळं राज्याचा संघ मिळाला. फोटो छापून आले. देशाच्या संघाच्या दारापर्यंत एकदा जाऊन आलो, दार उघडलं नाही ही गोष्ट वेगळी. खेळ संपल्यावर स्टोअरमध्ये खुर्ची मिळाली. आज ज्या गॅलरीत उभा राहतो ती गॅलरीही त्यातूनच आली. यातलं एकही माझं आहे असं मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.

आणि एक गोष्ट झाली. त्या दिवसानंतर स्वतःच्या बोलिंगवर मला एकही कॅच घेता आला नाही. स्लिपमध्ये घ्यायचो, बाउंड्रीवर धावत जाऊन घ्यायचो, पण माझाच बॉल माझ्याकडे परत आला की हात बधिर व्हायचे. एका मोठ्या सामन्यात समोरच्यांचा जम बसलेला बॅट्समन माझ्या छातीवर लाडवासारखा सोपा कॅच देऊन गेला. हात वर आलेच नाहीत, बॉल बरगडीवर बसला. कॅप्टन पोरगेला होता, तरी सगळ्यांसमोर बोलला, "राव, डोळे मिटता काय?" मिटले नव्हते. बॉलच्या मागं मला काखेत बॅट मारून चाललेला माणूस दिसला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की सोप्या झेलानं सामना घालवला. खेळ सोडला तेव्हा माझ्या नावावर तसला एकच कॅच, एकच कॉट अँड बोल्ड होता, तोही कंपनीतला.

हे माझ्या जोडीदाराला तोंडपाठ होतं. त्याला माझी सगळीच कारकीर्द तोंडपाठ. टीव्हीवर कुठल्याही बोलरनं स्वतःच्या बोलिंगवर कॅच घेतला की मिनिटाभरात माझा फोन वाजणार. "बघितलास का भावा? चांगला घेतला. पर आपल्यासारखा न्हाई." मग तो त्याच्या बसमधल्या लोकांना सांगायचा ती गोष्ट मला ऐकवायचा. "त्यांना म्हनलं, आख्ख्या करिअरमंदी त्यानं एकच घेतला, आन् तो माझा. म्या सोता बघितला. जमिनीपासून चार बोटं." मी हसायचो. फोन ठेवल्यावर बायको विचारायची, "काय म्हणतात भावजी?" मी म्हणायचो, काही नाही, नेहमीचंच.

बरेचदा वाटलं, सांगून टाकावं. एकदा त्याच्या बसमध्ये बसून राजगुरुनगरपर्यंत गेलो, सांगायचंच म्हणून. चाकणच्या चौकात अर्धा तास अडकलो होतो तरी मी ट्रॅफिकबद्दलच बोलत राहिलो. तो स्टेअरिंगवर बोटं वाजवत होता आणि मागच्या सीटवरच्या कुणाला तरी ओरडून सांगत होता की ह्यो बघा, ह्योच तो.

गेल्या वर्षी त्याची एकसष्टी झाली. फोन करून म्हणाला, "परमुख पावना तूच. दोन शब्द बोलायचं, आन् ते काय बोलायचं ते तुला म्हाईत हाय." बायकोनं शाल घेतली, मी बॅट घेतली, आमच्या वेळच्या मापाची. रस्ताभर ठरवत होतो की आता बास. दोघंही साठी ओलांडलेले. एकाला शुगर, दुसऱ्याचा गुडघा गेलेला. आता नाही सांगायचं तर कधी? तो मोठ्या मनाचा आहे, हसून सोडून देईल, आणि माझ्या उरावरचा धोंडा उतरेल. मला हलकं व्हायचं होतं. त्याचं काय होईल याचा विचार मी केला नाही, हे आज लिहिताना लाज वाटते.

मांडवात त्याला एकसष्ट दिव्यांनी ओवाळलं. फेटा बांधलेला, गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. मग माइक त्यानंच हिसकावून घेतला आणि गोष्ट सुरू केली. "मला लोक इचारत्यात, तुला वाईट न्हाई वाटत? पर्मनंट व्हायचा व्हतास. म्या म्हनतो, आरं, कशाला वाईट वाटंल? चुकून आउट झालो असतो, कुनी फसवून काढला असता, तर जळलो असतो. म्या आउट झालो त्यो असल्या कॅचनं, का जो घेनाऱ्याला पुन्यांदा जल्मात घेता आला न्हाई. ज्याच्या नशिबात आसंल ते त्याला द्यावं मानसानं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. माइक माझ्याकडे आला. मी काय बोललो ते आठवत नाही, पण शेवटी सगळे ओरडले, दाखवा, दाखवा. मी वाकलो आणि जमिनीपासून चार बोटं वर हात धरला.

जेवणं झाल्यावर तो वरच्या खोलीत आडवा पडला होता. फेटा उशाशी ठेवलेला. मी दार लोटून घेतलं, कॉटच्या कडेला बसलो आणि म्हणालो, "टप्पा पडला होता."

"कशाचा?"

माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. तो हळूहळू उठून बसला. मग त्यानं जे विचारलं ते खेळाडूच विचारेल.

"किती पुढं?"

"बोटभर."

त्यानं स्वतःचं बोट चादरीवर आडवं ठेवलं आणि त्याच्याकडे बघत राहिला. खाली भांडी घासल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, मला माफ कर, मला तेव्हा लग्नाचं, घरचं... त्यानं हात वर करून मला थांबवलं. रागानं नाही. ट्रॅफिकमध्ये बसमधून खाली उतरून गाड्या थांबवतात तसा.

"म्या इचारलं व्हतं तुला," तो म्हणाला.

"हो."

"मंग मी गेलो कशापायी?"

मी उशाशी ठेवलेला फेटा सरळ केला. तो पुन्हा बोलला, आवाज अगदी बारीक झाला होता. "आज सांगायचं काय नडलं व्हतं रं? म्या छत्तीस वर्सं लोकांना काय सांगत आलो? आता ह्या लोकांना काय सांगू, सांग की."

खाली उतरल्यावर त्यानं रीत सोडली नाही. बायकोला सांगून माझ्या बायकोची ओटी भरवली. लाडवांचा डबा दिला. गाडीपर्यंत आला, माझ्या बाजूचं दार स्वतः लावलं. "सावकाश जा," म्हणाला, "चाकणला ट्राफिक आसंल." भावा म्हणाला नाही. बायको रस्ताभर म्हणत होती की किती प्रेमळ माणसं आहेत. मी मान हलवत होतो. ते मला चांगलं जमतं.

याला आता आठ महिने झाले. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनींनी उचलला. ते झोपलेत म्हणाल्या. एकदा सकाळी अकराला, एकदा संध्याकाळी सहाला. गेल्या रविवारी टीव्हीवर आपल्या बोलरनं स्वतःच्याच बोलिंगवर फार सुरेख कॅच घेतला, पुढं झेपावून, जमिनीलगत. चार वेळा परत दाखवला. बायको स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि टीपॉयवरच्या माझ्या फोनकडे बघत उभी राहिली. "आज भावजींचा फोन नाही आला?" तिनं विचारलं. तिला मी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर तिच्या लग्नाकडेही तिला नव्यानं बघावं लागेल. एकाचं वाटोळं करून झालं तेवढं पुरे. म्हणालो, झोपले असतील.

साडेतीनचा भोंगा झाला. मी गॅलरीत गेलो.

पूर्वी निदान तो जायचा. काखेत बॅट मारून मोटारींमधून चालत जायचा, भिंतीत शिरायचा, आणि उद्याच्या भोंग्यापर्यंत माझी सुटका व्हायची. राजगुरुनगरहून आलो त्या दिवसापासून तो जात नाही. माझ्या पार्किंगमध्ये, पांढऱ्या पट्ट्यांच्या आत, गार्ड घेऊन उभा असतो. आउट नसलेला माणूस कशाला जाईल? दिवे लागतात, लोक कामावरून येतात, गाड्या लावतात, त्याच्या अंगावरून पोरं सायकली नेतात. तो हलत नाही. बॅट टेकवून टाकीच्या बाजूला, माझ्याकडे बघत राहतो. बॉल कधी येतोय याची वाट बघतो. ओव्हर माझीच चालू होती.